दोन साम्राज्यांच्या मधले राजे

हवा स्वच्छ असली की आर्मेनियाची राजधानी येरेवान येथून अरारात पर्वताचे ५,१३७ मीटर उंचीचे हिमशिखर स्पष्ट दिसते. हा पर्वत आज तुर्कस्तानच्या हद्दीत आहे. आजचे आर्मेनियाचे प्रजासत्ताक महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान आहे, परंतु आर्मेनियन लोकांचा इतिहास जिथे घडला तो डोंगराळ पठारी प्रदेश याच्या कितीतरी पट मोठा होता. व्हान, सेवान आणि उर्मिया ही तीन मोठी सरोवरे या पठारावर आहेत, आणि युफ्रेटिस, टायग्रिस व अरास या नद्या याच भागात उगम पावतात. आशिया मायनरमधून इराणकडे जाणारे मार्ग येथून जात असल्यामुळे पश्चिमेकडील आणि पूर्वेकडील प्रत्येक बलाढ्य सत्तेला हे पठार आपल्या ताब्यात, निदान आपल्या धाकात तरी हवे असे. आर्मेनियाच्या राजांच्या बहुतेक निर्णयांमागे हा भूगोल उभा आहे.

या पठारावरचे पहिले मोठे राज्य उरार्तूचे. त्याची राजधानी व्हान सरोवराच्या काठी होती. तेथील मेनुआ राजाने खोदवलेला कालवा पन्नास किलोमीटरहून अधिक लांबीचा होता. त्याच्या काठावरचे शिलालेख मेनुआचेच नाव सांगत असले, तरी पुढच्या काळात लोकांनी त्याचे श्रेय दंतकथेतल्या शामिराम राणीला देऊन टाकले. मेनुआचा मुलगा अर्गिश्ती याने इसवी सन पूर्व ७८२ मध्ये एरेबुनी नावाचा किल्ला बांधला. त्याची साक्ष देणारा कीलाकार, म्हणजे खिळ्यांसारख्या खुणांच्या, लिपीतला शिलालेख १९५० मध्ये येरेवानच्या सीमेवरील टेकडीवर सापडला. त्यात राजा स्वतःचे आणि आपल्या पित्याचे नाव सांगून, हा किल्ला आपण खाल्दी देवाच्या सामर्थ्याने उभारला, असे नमूद करतो. येरेवान आपले वय याच दगडावरून मोजते.

उरार्तूची भाषा आर्मेनियन नव्हती. आर्मेनियन ही इंडो-युरोपीय कुळातली, म्हणजे दूरच्या नात्याने मराठीच्याही कुळातली, पण स्वतंत्र शाखेची भाषा आहे. उरार्तूचे राज्य कोसळल्यानंतर तिथली माणसे आणि आर्मेनियन बोलणारी माणसे एकमेकांत मिसळत गेली. इराणचा सम्राट पहिला दारियस याने इसवी सन पूर्व ५२० च्या सुमारास बेहिस्तुनच्या कड्यावर जो लेख कोरवला, त्यात आर्मेनियाचा उल्लेख त्याच्या ताब्यातील एक प्रदेश म्हणून येतो. पुढे येर्वांदुनी घराण्याने येथे प्रथम इराणचे मांडलिक म्हणून आणि अलेक्झांडरनंतर बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे राज्य केले.

ज्याला खऱ्या अर्थाने राज्याची घडी बसवणारा म्हणावे, असा राजा म्हणजे अर्ताशेस. तो मुळात सिरियाच्या सेल्युसिड सम्राटाचा सुभेदार होता. इसवी सन पूर्व १९० मध्ये मॅग्नेशियाच्या लढाईत रोमनांनी त्या सम्राटाचा पराभव केला, आणि ही संधी साधून अर्ताशेसने स्वतःला राजा म्हणून घोषित केले. अरास नदीकाठी त्याने अर्ताशात ही राजधानी वसवली. कार्थेजचा सेनापती हॅनिबल त्या वेळी रोमनांपासून पळत होता आणि या नगराची जागा त्यानेच सुचवली, असे ग्रीक लेखक स्ट्रेबो व प्लुटार्क सांगतात.

अर्ताशेसची जी गोष्ट सर्वांत लक्षात राहावी, ती मात्र लढाईची नाही. त्याने गावांच्या आणि शेतांच्या सीमा ठरवून तेथे चौकोनी दगड पुरण्याची आज्ञा दिली होती, असे आर्मेनियन इतिहासकार मोव्सेस खोरेनात्सी याने लिहून ठेवले आहे. विसाव्या शतकात सेवान सरोवराच्या परिसरात खरोखरच असे दगड सापडू लागले. त्यांच्यावर आरमाईक लिपीत राजाचे नाव कोरलेले आहे. शेताच्या बांधाचा तंटा किती पिढ्या चालतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या कामाची थोरवी वेगळी सांगावी लागणार नाही. अर्ताशेसच्या काळातील विस्तारामुळे या सर्व प्रदेशातील लोक एकच भाषा बोलू लागले, असेही स्ट्रेबो नोंदवतो.

अर्ताशेसच्या घराण्यातील दुसरा तिग्रान हा आर्मेनियाचा सर्वांत प्रसिद्ध राजा. त्याचे तारुण्य पार्थियाच्या, म्हणजे त्या वेळच्या इराणी साम्राज्याच्या, दरबारात ओलीस म्हणून गेले. सत्तर खोरी पार्थियाला तोडून देण्याच्या बदल्यात त्याची सुटका झाली आणि इसवी सन पूर्व ९५ मध्ये तो गादीवर बसला. काळ्या समुद्राकाठच्या पाँटस राज्याचा राजा मिथ्रिडेटिस याच्या मुलीशी त्याने विवाह केला, पार्थिया दुबळा झाल्याचे पाहून ती खोरी परत घेतली, आणि इसवी सन पूर्व ८३ मध्ये सिरियाही त्याच्या अंमलाखाली आला. कॅस्पियन समुद्राकडील प्रदेशापासून भूमध्य समुद्रापर्यंत त्याची सत्ता पोचली. तो स्वतःला राजाधिराज म्हणवू लागला. चार मांडलिक राजे त्याच्या सेवेत असत आणि त्याच्या घोड्याच्या बाजूने पायी चालत, असे वर्णन प्लुटार्कने केले आहे.

त्याचे चांदीचे नाणे नीट पाहण्यासारखे आहे. एका बाजूला तिग्रानचा उजवीकडे पाहणारा चेहरा आहे. डोक्यावर उंच मुकुट असून त्यावर दोन गरुड आणि त्यांच्या मधोमध एक तारा आहे. दुसऱ्या बाजूला अँटिऑक नगरीची भाग्यदेवता खडकावर बसली आहे, आणि तिच्या पायाशी ओराँटिस नदी पोहणाऱ्या पुरुषाच्या रूपात दाखवली आहे. अक्षरे ग्रीक आहेत, नगरी सिरियाची आहे, मुकुट मात्र अस्सल आर्मेनियन आहे.

या वैभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिग्रानाकेर्त ही नवी राजधानी वसवताना तिग्रानने आशिया मायनरमधील कॅपाडोशिया आणि सिलिशिया या प्रदेशांतील ग्रीक नगरांमधून हजारो लोकांना घरदार सोडायला लावून तेथे आणले. रोमने पराभूत मिथ्रिडेटिसला आपल्या स्वाधीन करण्याची मागणी केली, तेव्हा आसऱ्याला आलेल्या सासऱ्याला त्याने शत्रूच्या हाती दिले नाही, ही त्याच्या स्वभावातली मोठी गोष्ट. परंतु इसवी सन पूर्व ६९ मध्ये रोमन सेनापती ल्युकुलस चालून आला आणि त्याच्या छोट्या सैन्याकडे पाहून, हे वकिलात म्हणून फार आणि सैन्य म्हणून फारच थोडे आहेत, असे उद्गार तिग्रानने काढले, असे म्हणतात. त्याच सैन्याने त्याच्या फौजेची दाणादाण उडवली. नगरातील ग्रीक भाडोत्री शिपाई रोमनांना मिळाले, आणि जबरदस्तीने आणलेले रहिवासी आपापल्या गावी परतले. इसवी सन पूर्व ६६ मध्ये वृद्ध तिग्रानने रोमन सेनापती पाँपीच्या छावणीत जाऊन आपला मुकुट त्याच्यापुढे ठेवला. पाँपीने तो परत त्याच्या मस्तकावर चढवला, ६,००० टॅलेंट (त्या काळचे वजनाचे माप) चांदी वसूल केली आणि जिंकलेले प्रांत काढून घेतले. मूळचे राज्य मात्र तिग्रानकडेच राहिले.

त्याचा मुलगा अर्तावाझ्द ग्रीक भाषेत नाटके आणि इतिहास लिहीत असे. इसवी सन पूर्व ५३ मध्ये तो पार्थियाच्या राजाबरोबर ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या शोकांतिकेतील प्रवेश पाहत असताना रोमन सेनापती क्रॅससचे कापलेले शिर तेथे आणण्यात आले. पुढे मार्क अँटनीने अर्तावाझ्दला कपटाने कैद करून साखळदंडात अलेक्झांड्रियाला नेले. क्लिओपात्रापुढे गुडघे टेकण्यास त्याने नकार दिला, आणि अखेर त्याला तेथेच ठार मारण्यात आले.

दोन्ही सत्तांना परवडेल असा तोडगा निघण्यास आणखी शतक जावे लागले. राजा पार्थियाच्या अर्शाकुनी घराण्यातला असावा आणि मुकुट रोमच्या सम्राटाने घालावा, असे ठरले. त्यानुसार इसवी सन ६६ मध्ये पहिल्या त्रदातला नीरोने रोममध्ये राज्याभिषेक केला. मुंबईकरांना परिचित असलेल्या पारशी समाजाचाच जरथुष्ट्री धर्म त्रदात पाळत असे. तो धर्मगुरूही होता, आणि समुद्राचे पाणी विटाळू नये म्हणून त्याने रोमचा प्रवास मुख्यतः जमिनीवरून केला. गार्नी येथील २४ खांबांचे मंदिर सामान्यतः त्याच्याच काळातले मानतात. १६७९ च्या भूकंपात ते कोसळले, आणि विसाव्या शतकात पडलेले दगड जुळवून पुन्हा उभे करण्यात आले.

याच घराण्यातील तिसऱ्या त्रदातने, परंपरेनुसार इसवी सन ३०१ मध्ये, ख्रिस्ती धर्म राज्याचा धर्म म्हणून स्वीकारला. ज्या ख्रिस्ती धर्मोपदेशक ग्रेगरीला त्याने खोर विरापच्या अंधाऱ्या विवरात वर्षानुवर्षे डांबले होते, त्याच्याच हातून त्याने दीक्षा घेतली, अशी ही कथा आहे.

इसवी सन ३८७ मध्ये रोम आणि इराण यांनी आर्मेनिया वाटून घेतला. इराणच्या वाट्याच्या भागात पुढे व्रामशापुह हा मांडलिक राजा झाला. त्याने कोणताही प्रांत जिंकला नाही. तरीही आमच्या मते आर्मेनियन लोकांवर सर्वांत मोठे उपकार याच राजाचे आहेत. त्या वेळी प्रार्थनेची आणि दरबाराची भाषा ग्रीक किंवा सिरियाक असे, आणि सामान्य माणसाला चर्चमध्ये वाचलेले कळत नसे. मेस्रोप मश्तोत्स या दरबारी लेखनिकाने संन्यास घेतल्यावर हे दुःख धर्मप्रमुख साहाक यांच्यापुढे मांडले. राजाने प्रथम एका सिरियाई बिशपकडची अक्षरे मागवली, परंतु आर्मेनियन भाषेतील सगळे ध्वनी त्यांत मावेनात. मग मश्तोत्स शिष्यांना घेऊन एडेसाकडे गेला, आणि इसवी सन ४०५ च्या सुमारास त्याने ३६ अक्षरांची नवी लिपी सिद्ध केली. तो परतला तेव्हा राजा स्वतः सरदारांसह नगराबाहेर नदीकाठी सामोरा गेला, असे त्याचा शिष्य कोर्यून सांगतो. या लिपीत उतरवलेले पहिले वाक्य, ज्ञान आणि शिक्षण जाणून घेण्याविषयीचे, बायबलमधील नीतिसूत्रांचे होते.

इसवी सन ४२८ मध्ये आर्मेनियन सरदारांनीच आपल्या तरुण राजाविरुद्ध इराणच्या शहाकडे तक्रार केली, आणि राजघराणे संपले. राज्य गेले, पण लिपी रुजलेली होती. ४५१ मध्ये आर्मेनियन सेनापती वार्दान मामिकोन्यान इराणविरुद्ध आवारायरच्या रणांगणावर धर्मासाठी लढताना मारला गेला, तेव्हा त्याची हकिकत आर्मेनियन भाषेत, आर्मेनियन अक्षरांत लिहिली गेली. नंतर बाग्रातुनी राजांनी आनी नगरी सजवली, सिलिशियात आणखी एक आर्मेनियन राज्य १३७५ पर्यंत टिकले, आणि त्यानंतर कित्येक शतके या लोकांना स्वतःचे राज्य उरले नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी इराणच्या शाह अब्बासने अरास नदीकाठच्या जुल्फा गावातील आर्मेनियन व्यापाऱ्यांना इस्फहानजवळ नेऊन वसवले. तेथून त्यांच्या पेढ्या सुरत, आग्रा, मद्रास आणि कलकत्त्यापर्यंत पसरल्या. मद्रासमध्येच १७९४ साली हारुत्युन श्माव्होन्यान या धर्मगुरूने जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक, ‘अझ्दारार’, छापले. त्याच्या छापखान्यातले खिळे मश्तोत्सच्याच लिपीचे होते.