दोन ठोक्यांमधली जागा

रसिकहो, जाहीर झालेला विषय आहे गावच्या बँडचा गावच्याच अरीनातला कार्यक्रम. गाव मेक्सिकोतलं मोंतेरे. १९०० साली तिथे पोलादाचा कारखाना उभा राहिला, १९८६ मध्ये बंद पडला. त्या जागेवर फुंदिदोरा उद्यान झालं, आणि २००३ पासून तिथेच अरेना मोंतेरे आहे. एका छपराखाली सतरा हजारांवर माणसं. पेसादो हा बँड मोंतेरेचाच, ब्रोंको हा बँड शेजारच्या अपोदाकाचा. यांचं संगीत ते नॉर्तेन्यो, म्हणजे उत्तरेकडचं. तेव्हा प्रश्न असा, की अंगणातल्या नाचासाठी घडलेलं हे संगीत एवढ्या मोठ्या पेटाऱ्यात घातलं की त्याचं काय होतं?

त्याआधी बाहो सेक्स्तोबद्दल बोललंच पाहिजे, कारण सगळं तिथेच बिघडतं आणि सगळे बोलतात मात्र अकॉर्डियनबद्दल. बाहो सेक्स्तो गिटारच्या घराण्यातला, पण अंगाने भारी. बारा तारा, सहा जोड्या. अकॉर्डियन बटणांचा, तीन ओळींचा. होनर कंपनीच्या कोरोना नावाच्या अकॉर्डियनला उजव्या हाताखाली ३१ बटणं असतात, आणि एकच बटण भाता दाबताना एक स्वर देतं, ओढताना दुसरा. आपल्या पेटीसारखाच हाही हवेवर थरथरणाऱ्या पट्ट्यांचा खेळ. पेटीवाले ज्यांना सूर म्हणतात तेच, फक्त पितळेऐवजी पोलादाचे. डाव्या हाताला खर्जाची १२ बटणं आहेत. १९३०च्या दशकात टेक्सासच्या नार्सिसो मार्तिनेस या अकॉर्डियनवादकाने ती बाजूला ठेवली आणि खर्ज सांतियागो आल्मेदाच्या बाहो सेक्स्तोकडे सोपवला. उजवा हात मोकळा झाला आणि सुरावट पळू लागली. नॉर्तेन्योचा पाया तो हा. आजही कित्येक वादक डाव्या बाजूचे सूर काढूनच टाकतात, वजन तेवढंच कमी.

आता पोल्का ऐका, दोन ठोक्यांचा नाच. धूम-चक, धूम-चक. 'धूम' जाड तारेवर, 'चक' उरलेल्या तारांवरून खाली ओढलेला फटकारा. नाचणाऱ्याचा पाय 'धूम'वर पडतो, उचलला जातो 'चक'वर. पुढे इलेक्ट्रिक बास आला, 'धूम' त्याने घेतला. सहाव्या जोडीला काम उरलं नाही, म्हणून आज बरेच जण दहा तारांचा बाहो किंतो वाजवतात. याचा अर्थ बाहोकडे उरला तो 'चक'. आणि अरीनात नेमका तोच हरवतो.

गणित साधं आहे. मिनिटाला १२० ठोके धरले तर 'धूम' ते 'धूम' अर्धा सेकंद, मधला 'चक' पाव सेकंदावर. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. म्हणजे ४३ मीटरवर सपाट भिंत असेल तर 'धूम' तिच्यावर आपटून बरोब्बर पाव सेकंदाने परत येतो, थेट 'चक'च्या डोक्यावर. भिंत थोडी पुढेमागे असली तरी सुटका नाही, कारण खर्जाची गुणगुण मोठ्या हॉलमध्ये दोन-तीन सेकंद रेंगाळते. बंद मंगल कार्यालयात ढोल-ताशा ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. मग मिक्सर सांभाळणारा काय करतो? लोकांना छातीत दणका हवा, या समजुतीने किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, आणि बास वर चढवतो. दोन ठोक्यांमधली जागा बुजून जाते. लोकांना वाटतं गाणं संथ झालं, बँडला वाटतं लोक थंड आहेत, आणि ड्रमर वेग वाढवतो! नाचाच्या संगीतावर याहून मोठा अन्याय मला माहीत नाही.

उपाय आवाज कमी करण्यात नाही, ठोका आखूड करण्यात आहे. बासच्या ब्रिजपाशी, म्हणजे घोडीपाशी, तारांखाली फोमची पट्टी सरकवा, किकमध्ये उशी ठेवा. बाहोचा १२० हर्ट्झखालचा भाग कापा. बाहो आणि अकॉर्डियन सबवूफरला, म्हणजे फक्त खर्जाच्या स्पीकरला, मुळीच पाठवू नका. टांगलेल्या स्पीकरांतल्या सर्वांत वरच्या डब्याचा रोख शेवटच्या रांगेतल्या डोक्यांवर थांबला पाहिजे, मागच्या भिंतीवर नाही. सबवूफर एकामागे एक लावायचे तर ६० हर्ट्झसाठी १.४४ मीटर अंतर ठेवा आणि पुढच्याला ४.२ मिलिसेकंद उशीर द्या. आवाज पुढे जाईल, मंचावर कमी घोंगावेल.

दहाच मिनिटं उरली आहेत आणि गावची गर्दी अजून दाराबाहेरच आहे, म्हणून भरभर सांगतो.

अकॉर्डियनचे माइक जाळीच्या आत, रबरावर बसवलेले हवेत. नाहीतर बटणांची टकटकच सतरा हजारांना ऐकू जाते. एका स्वराला दोन सूर असतात, मुद्दाम किंचित बेसूर लावलेले. ४४० आणि ४४३ म्हणजे सेकंदाला तीन हेलकावे. यावर आणखी रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, घातला तर हेलकावा पुसला जातो. सॅक्सोफोन तापला की चढतो, अकॉर्डियन मंचावर जुळवता येत नाही. त्यामुळे जुळवून घ्यायचं ते इतरांनीच.

गावचे लोक फर्माइशी करतात. फर्माइश बदलली की पट्टी बदलते, आणि पट्टी बदलली की अकॉर्डियन बदलतो. 'फा', 'सोल' आणि 'मी', म्हणजे एफ, जी आणि ई या पट्ट्यांचे, तिन्ही जोडलेले आणि माइकसह तयार असू द्या. रोजच्या पट्टीचा एक जादा ठेवा, कारण सूर तुटला तर तो मंचावर बसवता येत नाही.

आणि गाणं. बाहेरगावी लोक मुखडा म्हणतात, इथे अंतरेही म्हणतात. साठ मीटरवरच्या माणसापर्यंत ठोका ०.१७ सेकंदाने पोचतो, त्याचा आवाज मंचावर यायला तेवढाच वेळ. म्हणजे अख्खं गाव ०.३५ सेकंद मागे गातंय. गायक भारावून कानातला मॉनिटर काढतो आणि गर्दीबरोबर ओढला जातो. यासाठी गर्दीचे माइक गाण्यात अगदी हलके ठेवा, गाणं संपताक्षणी उघडा, म्हणजे तो लांबलचक ग्रीतो, ती उत्तरेकडची आरोळी, सगळ्या बँडच्या कानात पोचेल. आणि गायकाने मॉनिटर काढलाच, तर ड्रमरने त्याच्याकडे बघू नये. अकॉर्डियनवाल्याच्या भात्याकडे बघावं.