गेटवरचं नाव आणि खिडकीतली फी

कोल्हापुरात सायबर चौकातनं पुढं आलं की हे शिवाजी विद्यापीठाचं गेट. आत शिरताच समोर घोड्यावरचे महाराज, मागं मुख्य इमारत, आणि केएमटीच्या, म्हणजे शहर बसमधनं उतरणारी पोरंपोरी. या गेटवर नाव काय असावं यावरनं मार्च २०२५ मध्ये शहरात मोर्चा निघाला. मागणी होती, नुसतं 'शिवाजी' नको, 'छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ' करा. विरोधातली मंडळी म्हणाली, अहो हे सुटसुटीत नाव जुन्या लोकांनी विचार करून ठेवलंय, लांबवलं की लोक आद्याक्षरं करतात, बडोद्याचं सयाजीरावांचं विद्यापीठ 'एमएसयू' झालंच की. बैठका झाल्या, पत्रकं निघाली, व्हॉट्सॲपवर तर घरोघरी भांडणं. आता गंमत बघा, ज्या कॅम्पसवरनं एवढं रान पेटलं त्या कॅम्पसला स्वतःचं नाव बदलायचा अधिकारच नाही, ते मुंबईत सरकार ठरवणार.

फीचंही तसंच आहे.

थोडं मागं जाऊ. १८ नोव्हेंबर १९६२, तिकडं चीनची लढाई चालू, आणि इकडं राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते विद्यापीठाचं उद्घाटन. पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार. पोरगं शेतकऱ्याचं, खिशात पैसे नाहीत, म्हणून 'कमवा आणि शिका' चालू झालं, ते आजही आहे. त्याच काळात शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाई यांनी वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांच्या पोरांना फी माफ केली, तीच ती ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची सवलत. आमच्या आजोबांच्या पिढीतले कितीतरी मास्तर त्या ईबीसीवर शिकले. आणि त्याच्याही आधी शाहू महाराजांनी १९०१ पासनं बोर्डिंगं काढली, १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. म्हणजे फी कुणी भरायची हा वाद कोल्हापूरला नवा नाही, इथं तो शंभर वर्षं मुरलाय.

आता २०२४. जुलैमध्ये शासन निर्णय आला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी निम्मी होती. निर्णय चांगलाच, त्यात दुमत नाही. पण टीव्हीवर आलं 'मुलींना मोफत शिक्षण' आणि गावाकडं लोकांना वाटलं की एक रुपाया लागणार नाही. ट्यूशन आणि परीक्षा सोडून बाकीची फी असतेच की, हॉस्टेल, मेस, येणंजाणं वेगळंच.

माझ्या चुलतबहिणीच्या ॲडमिशनला मी स्वतः खिडकीपाशी उभा होतो, कॉलेजचं नाव घेत नाही. काकांच्या हातात कॅरीबॅग, त्यात उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाईल, सगळ्याच्या तीन तीन झेरॉक्स. क्लार्क म्हणाला, "आत्ता भरा, सरकारचे आले की परत देतो." सरकारनं तर सांगितलं होतं की पात्र मुलींकडनं माफ झालेली फी आधी घेऊ नका. काका भांडले नाहीत. बाजूला जाऊन बोटांवर मोजत बसले, दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, उसाचं कधी येईल सांगता येत नाही, सोसायटीतनं उचल मिळंल का. तशी कॉलेजवाल्यांचीही एक बाजू आहे, विनाअनुदानित संस्थेत पगार फीवरच चालतात आणि सरकारची रक्कम वेळेत आली नाही की तिथंही बोंब. पण ती बोंब खिडकीतनं पोरीच्या बापावर ढकलायची का?

मग हे विचारायचं कुठं? अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये. २०१६ च्या कायद्यानं तिथं प्राचार्य, शिक्षक, संस्थाचालक, दहा पदवीधर असे लोक निवडून येतात, वर राज्यपालांचे नेमलेले, आणि कुलगुरूही कुलपती म्हणून राज्यपालच नेमणार. २०२१ ला महाविकास आघाडी सरकारनं त्या नेमणुकीतला राज्यपालांचा हात आखडायला विधेयक आणलं, पुढच्या सरकारनं ते मागं घेतलं. रस्सीखेच सगळी वरच्या मजल्यावर. आणि विद्यार्थी? त्यांच्या थेट निवडणुका १९९४ च्या कायद्यानं बंद झाल्या, २०१६ च्या कायद्यानं पुन्हा कागदावर आल्या, २०१९ ला होणार होणार म्हणून गाजल्या आणि पुढं ढकलल्या गेल्या. आमच्या बॅचनं मतपेटी काय बघितलीच नाही.

त्यामुळं नावाचा मोर्चा निघतो, माईक मिळतो, बातमी होते. फीच्या खिडकीपुढं रांग असते फक्त, आणि रांगेत माणूस घोषणा देत नाही, त्याला नंबर जायची भीती असते.

काकांनी शेवटी पैसे भरले. पावती घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली, बटण लावलं, आणि बसस्टॉपवर येईपर्यंत तीनदा खिशावर हात ठेवून बघितलं. बहिणीचं आता दुसरं वर्ष चालू आहे. ती पावती अजून त्यांच्या कपाटात, दूध संस्थेच्या पासबुकात ठेवलेली आहे.