हे १० क्विंटल पिकले कुणाच्या रानात?

नमस्कार श्रोतेहो. मी संख्याशास्त्र शिकवते. वर्गातली मुलं सहसा विचारत नाहीत तो प्रश्न मला माझ्या मामांनी विचारला. सोयाबीन निघालं होतं, आमच्या महसूल मंडळाचा, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाचा, सरासरी आकडाही आला होता : हेक्टरी १० क्विंटल. मामा म्हणाले, “माझ्या रानात ६. शेजारच्या बापूला ५. मग हे १० पिकले कुणाच्या रानात गं?”

हा आकडा येतो कसा, ते आधी ऐका. महसूल मंडळातलं एकूण एक रान कापून तोलणं शक्य नसतं. त्या सगळ्या रानांना मिळून आम्ही समष्टी म्हणतो आणि त्यांतून निवडलेल्या मोजक्या रानांना नमुना. पीक विम्यासाठी मंडळात मुख्य पिकाचे किमान १० पीक कापणी प्रयोग करतात. शितावरून भाताची परीक्षा, तसंच. पण भात एका पातेल्यात शिजतो; मंडळात एकाकडे भरलेली विहीर, तर दुसऱ्याकडे नुसता मुरूम. म्हणून शीत कुठलं उचलायचं, हे कुणाच्या मर्जीवर सोडत नाहीत.

मामांच्या रानातला प्रयोग मी बांधावरून पाहिला. मामा कृषी सहायकाला सांगत होते, “साहेब, तिकडं घ्या, तिकडं पार वाळून गेलंय.” साहेब हसले आणि नैऋत्य कोपऱ्यापासून पावलं मोजायला लागले. लांबीत किती, रुंदीत किती, हे यादृच्छिक संख्यांनी आधीच ठरलेलं. यादृच्छिक म्हणजे मनाला येईल तसं नव्हे. उलट, तिथं कुणाचं मन चालतच नाही. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, १० मीटर बाय ५ मीटर. कापलं, ताडपत्रीवर झोडपलं, उफणलं. दाणे भरले ३ किलो. ५० चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा २००वा भाग, म्हणून गुणिले २००. झाले ६ क्विंटल. काटा १०० ग्रॅमनं चुकला, तर हेक्टरी २० किलो इकडचे तिकडे.

खरी गंमत दोरीपाशी होती. एक रोप बरोबर दोरीखाली आलं. आतलं की बाहेरचं? अशा वेळी हात ते आपसूक आत ओढतो. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात हेच दाखवून दिलं. दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस कापणीसाठी लहान तुकडे घेण्याच्या बाजूचे होते. सुखात्म्यांचं म्हणणं, तुकडा लहान घेतला की उत्पन्न फुगतं. हिशेब करून पाहा. १ मीटरच्या चौकोनात दर चौरस मीटरला ४ मीटर काठ येतो, आमच्या तुकड्यात फक्त ६० सेंटिमीटर. काठ जास्त, तितकी आत ओढलेली रोपंही जास्त. या एकाच बाजूला झुकणाऱ्या चुकीला अभिनती म्हणतात. प्रयोग हजार करा, ती जात नाही.

आता मामांचा प्रश्न. दहा आकडे रेडिओवर कानात राहायचे नाहीत, म्हणून समजा पाचच रानं : ४, ५, ६, ७ आणि ठिबकवालं एक, २८. बेरीज ५०, भागिले ५, मध्य, म्हणजेच सरासरी, आला १०. पाचांतली चार रानं सरासरीच्या खाली! आकडे चढत्या क्रमानं लावून मधला उचला, तो मध्यक : ६. मामांचं रान. बहुलक, म्हणजे सगळ्यांत जास्त वेळा येणारा आकडा, आज सोडून देते, तो चपलांच्या दुकानदाराला जास्त लागतो. पण प्रमाण विचलन सोडवत नाही. आकडे सरासरीपासून किती पांगलेत, ते त्यातून कळतं. इथं ते भरतं ९च्या वर. सरासरी १० आणि पांगापांग ९ची, असा आकडा दिसला की मी तरी त्याच्यावर एकट्यावर विसंबत नाही.

विमा मात्र याच मध्यावर चालतो. मागच्या ७ वर्षांतली चांगली ५ घेऊन त्यांची सरासरी काढायची, तिला जोखीमस्तरानं, म्हणजे त्या सरासरीचा जितका हिस्सा विमा हमीत धरतो त्यानं, गुणायचं. ते उंबरठा उत्पन्न. मंडळाचा यंदाचा मध्य त्याच्या खाली गेला, तर भरपाई.

हे सगळं मी मामांना वहीत मांडून दाखवलं. त्यांनी २८वर बोट ठेवलं. “आणि चिठ्ठीत हे रान निघालंच नसतं तर?”

मी उरलेल्या चार रानांची बेरीज करायला घेतली. माझी रेघ ओढून व्हायच्या आत मामा म्हणाले, “साडेपाच.”