काटा अडकतो तेव्हा

(पडद्यावर: स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेला वजनकाटा. निवेदन सुरू.)

तिसऱ्या आठवड्यात काटा थांबतो. वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेल्या बऱ्याच जणांना हा अनुभव येतो. डॉक्टरांनी तो आधी सांगितलेला असला तरी ऑपरेशनच्या धांदलीत तो कुणाच्या लक्षात राहत नाही. पहिल्या पंधरवड्यात पाच-सात किलो उतरलेले असतात, घरात आनंद असतो. आणि एका सकाळी आकडा तोच. दुसऱ्या दिवशीही तोच. चौथ्या दिवशी तर दोनशे ग्रॅम जास्तच. पोटात धड चार वाट्या पातळ पदार्थ जात नाहीत, मग हे वजन येतंय कुठून?

ते पाण्याचं असतं. आपल्या यकृतात आणि स्नायूंमध्ये साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेनच्या रूपात. एक ग्रॅम ग्लायकोजेन स्वतःबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं एकदम कमी झालं की शरीर आधी हा साठा मोडतं आणि ते पाणीही निघून जातं. सुरुवातीची घसरण मोठी दिसते ती यामुळे. पुढे शरीर साठा थोडा भरून घेतं, पाणी परत येतं. चरबी तेव्हाही जळत असते, पण काट्याला पाणी आणि चरबी यांतला फरक कळत नाही. आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहून थोडं जास्त, असं चालतं आणि वजन पुन्हा उतरू लागतं.

हा थांबा सोपा, कारण तो आपोआप सुटतो. आज बोलायचं आहे ते पुढच्या थांब्याबद्दल. सहाव्या-सातव्या महिन्यात, बरोबरच्या इतरांचं वजन झपाट्यानं उतरत असताना आपलं महिन्याला जेमतेम किलोभर उतरतं, तेव्हा माणूस काय करतो त्याबद्दल.

(पडद्यावर: पुण्यातलं सहकारनगर. सकाळची वेळ, शाळेच्या रिक्षा.)

या बाई इथं राहतात. वय ४८, माध्यमिक शाळेत शिक्षिका. ऑपरेशनचं शाळेत कुणालाही माहीत नाही आणि ते तसंच राहावं अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून या फिल्ममध्ये त्यांचं नाव नाही, चेहराही नाही. ऑपरेशनच्या दिवशी वजन ११२ किलो होतं. उंची पाच फूट एक इंच. बारा वर्षांचा मधुमेह, दोन वेळा इन्सुलिन, थायरॉईडची गोळी, दुखणारे गुडघे. ऑपरेशन झालं स्लीव्हचं, म्हणजे जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकला आणि उरलं ते केळ्याएवढं नळीसारखं पोट. भुकेचं संप्रेरक, घ्रेलिन, मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. तो भागही जातो, त्यामुळे पहिले काही महिने भूक लागतच नाही म्हटलं तरी चालेल.

सात महिन्यांनी त्यांचं वजन ९३ होतं. एकोणीस किलो उतरले होते. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालेला एक तिशीतला तरुण तोपर्यंत चाळीस किलोनं हलका झाला होता. सपोर्ट ग्रुपच्या बैठकीत त्यानं जुनी पँट धरून दाखवली, टाळ्या पडल्या. बाईंनीही टाळ्या वाजवल्या. पुढच्या बैठकीला मात्र त्या गेल्या नाहीत. त्यानंतरची डॉक्टरांची तारीखही त्यांनी पुढे ढकलली, आधी परीक्षांचं कारण सांगून, मग लग्नाचं.

माझ्या दृष्टीनं या सगळ्या विषयातली सर्वांत काळजीची गोष्ट ही आहे. वजन हळू उतरणं हा धोका नव्हे. त्याची लाज वाटून तपासणीला जायचं बंद होतं, हा धोका आहे. ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज, तोच दवाखान्याच्या दारातून मागे फिरतो.

घरातून ही लाज कशी पोसली जाते, तेही ऐका. नणंद म्हणाली, "वहिनी, एवढं ऑपरेशन करून एवढंच?" आणि सासूबाई रोज संध्याकाळी म्हणायच्या, "अगं, दोन घास तरी खा, असं उपाशी राहून अंगात ताकद कशी राहील?" एकीच्या मते सून खूप खाते, दुसरीच्या मते काहीच खात नाही. दोघींच्याही मनात वाईट काही नव्हतं. पण लाखांच्या घरातला खर्च झालेला असताना या दोन वाक्यांच्या मध्ये उभं राहायला फार बळ लागतं.

आता त्या तरुणाचं आणि बाईंचं वजन वेगळ्या वेगानं का उतरलं, ते पाहू. पुरुषांच्या अंगात स्नायू जास्त, स्वस्थ बसूनही त्यांचं शरीर जास्त ऊर्जा खर्च करतं. सुरुवातीचं वजन जास्त असेल तर किलोचा आकडाही मोठा दिसतो. वय वाढतं तसा हा खर्च घटतो, पाळी जाण्याच्या वयात आणखी. फार वर्षांचा मधुमेह असेल, विशेषतः इन्सुलिन सुरू असेल, तर वजन सावकाश उतरतं. स्टेरॉईड आणि मानसिक आजारांवरची काही औषधं वजन धरून ठेवतात. गुडघे दुखत असतील तर चालणं होत नाही. शिवाय वजन उतरू लागलं की शरीर स्वतःच काटकसर सुरू करतं: ९३ किलोचं शरीर चालवायला ११२ किलोच्या शरीराएवढी ऊर्जा लागत नाही. यातली एकही गोष्ट आळशीपणाची नाही, हे मला ठासून सांगायचं आहे.

(पडद्यावर: पर्वतीच्या टेकडीच्या पायऱ्या.)

पुण्यात राहून आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कित्येक वर्षांच्या संशोधनातून दाखवलं, की भारतीय शरीर बारीक दिसलं तरी त्यात चरबीचं प्रमाण जास्त आणि स्नायूंचं कमी असू शकतं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा राहिलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के.

ऑपरेशन झालेल्या माणसाला याचा उपयोग काय? आपल्याकडे स्नायूंची पुंजी मुळातच कमी असते. ती जर या काळात खर्च झाली, तर काटा खूश होईल पण शरीर अशक्त होईल, आणि पुढे वजन राखणंही जड जाईल. उलट चरबी जाऊन स्नायू टिकले, तर काटा हळू सरकतो आणि कपडे मात्र सैल होतात. म्हणून काट्याइतकीच मोजपट्टी महत्त्वाची: कंबर, दंड, मांडी, महिन्यातून एकदा. आणि काट्यावर आठवड्यातून एकदाच उभं राहायचं, ठरलेल्या वारी, सकाळी. रोज वजन करणाऱ्याला बहुतेक वेळा मिठाचा आणि पाण्याचा चढउतारच दिसतो.

बाई शेवटी दवाखान्यात गेल्या, त्या वजनासाठी नव्हे, केस गळतात म्हणून. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळणं नेहमीचंच असतं आणि बहुतेकांचे परत येतात. पण आहारतज्ज्ञ बाईंनी त्या निमित्तानं त्यांना बसवून घेतलं आणि विचारलं, "ताई, जेवता काय ते राहू द्या. सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात काय-काय जातं ते सांगा."

यादी निघाली ती अशी. सकाळी चहा आणि अर्धी खारी. शाळेत मधल्या सुट्टीत पुन्हा चहा. दुपारी चार चमचे वरण-भात. संध्याकाळी घरी आल्यावर चहा आणि मूठभर चिवडा. रात्री अर्धी वाटी खिचडी. झोपताना अर्धा कप दूध, साखर घालून. संकष्टीला आणि सोमवारी साबुदाणा. दिवसाची प्रथिनं तीस ग्रॅमच्याही आत, आणि या ऑपरेशननंतर लागतात निदान साठ ते ऐंशी.

हे खाणं जास्त नाही. पण यातलं बरंचसं पातळ किंवा तोंडात लगेच विरघळणारं आहे. छोट्या झालेल्या पोटात घट्ट, चावून खाल्लेलं अन्न थांबतं, पोट भरल्याची जाणीव देतं. चहा, आमरस, मस्तानी, चहात बुडवलेली खारी, चिवडा, हे सगळं थांबत नाही, पुढे सरकतं आणि अर्ध्या तासात पुन्हा काहीतरी हवंसं वाटतं. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. ज्या घरात अंडं येत नाही तिथं प्रथिनं पुरी करणं कठीण आहे, हे मान्य. एका वाटीभर वरणात पाच-सहा ग्रॅमच असतात. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास.

(पडद्यावर: ओट्यावर एक छोटी वाटी, शेजारी चहाचा चमचा.)

आता त्यांची दुपार कशी असते ते जवळून पाहा. लेकीच्या लहानपणीची स्टीलची वाटी आहे, तिच्यात पनीरची भुर्जी. खायला चहाचा चमचा. एक घास तोंडात गेला की चमचा खाली ठेवायचा, घासाचं पाणी होईपर्यंत चावायचं, मग पुन्हा चमचा उचलायचा. पाण्याची बाटली मुद्दाम बाहेरच्या खोलीत. जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. प्रथिनं आधी, मग भाजी, आणि जागा उरलीच तर चतकोर भाकरी. एवढ्याला वीस मिनिटं लागतात. मुगाचं धिरडं, बिनसाखरेचा चक्का, सोयाबीनची उसळ आणि ताकातून प्रोटीन पावडर यांची त्यात पाळी लागते. उपवासाचं त्यांनी देवापाशी बोलून ठरवलं, असं त्या म्हणतात: सोमवारी दूध, पनीर आणि शेंगदाणे, साबुदाणा नाही.

दुसरी गोष्ट रक्ताच्या तपासणीत सापडली. टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडतंय हे सांगणारा आकडा, वाढलेला होता. गोळी तर रोज घेत होत्या. विचारता-विचारता कळलं, की विसरायला नको म्हणून थायरॉईडची, कॅल्शियमची आणि लोहाची गोळी त्या सकाळी एकदमच घेत. कॅल्शियम आणि लोह दोन्ही थायरॉईडच्या औषधाला अंगी लागू देत नाहीत, मध्ये चार तासांचं अंतर हवं. कॅल्शियम आणि लोहसुद्धा एकमेकांपासून लांब घ्यायचे. एवढी साधी बाब, पण तपासणीला गेल्याशिवाय ती कळली नसती.

तिसरं, व्यायाम. चालणं सुरूच होतं. त्यात आठवड्यातून तीनदा रबरी पट्ट्यांचे, खुर्चीवरून उठाबशीचे व्यायाम आले, स्नायूंसाठी. पर्वतीच्या १०३ पायऱ्या त्यांनी कित्येक वर्षांत चढल्या नव्हत्या. आता मध्ये एकदा थांबून वर जातात.

पुढच्या तीन महिन्यांत पाच किलो उतरले. चमत्कार नाही. त्या तरुणाच्या जवळपासही त्या जाणार नाहीत. पण इन्सुलिन बंद आहे, मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची एकच गोळी उरली आहे. ऑपरेशन करून काय मिळालं, असं विचारणाऱ्या नणंदेला त्यांनी या वेळी किलो सांगितले नाहीत, दोन वेळची सुई गेल्याचं सांगितलं.

काय करू नये, तेही थोडक्यात. काटा अडकला म्हणून आणखी उपाशी राहू नका, त्यात स्नायूच जातात. जुलाबाची औषधं, मोबाईलवर आलेले चरबी वितळवणारे काढे नकोत. सहाव्या महिन्यात दुसऱ्या ऑपरेशनची चौकशी नको, वजन बारा ते अठरा महिन्यांपर्यंत उतरत राहतं. ज्या तरुण मुलींना पीसीओएसमुळे, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडानं पाळी अनियमित करणाऱ्या आजारामुळे, मूल होत नव्हतं, त्यांची पाळी वजन उतरताना अचानक नियमित होते. गर्भधारणा मात्र ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने टाळायची असते.

आणि दीड-दोन वर्षांनीही वजन पुरेसं उतरलं नसेल, किंवा पुन्हा चढत असेल, तर? तेव्हाही दारं बंद होत नाहीत. एंडोस्कोपी करून पोटाची रचना पाहता येते, औषधं देता येतात, काहींना दुसरं ऑपरेशनही लागतं. थोडं वजन परत येणं तर धरूनच चालायचं. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो रुग्णांवर लक्ष ठेवणारा एक मोठा अभ्यास झाला. त्यात गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे पोट लहान करून आतड्याचा काही भाग वगळणारं ऑपरेशन, झालेल्यांचं वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं, दहा वर्षांनी ती घट २५ टक्के राहिली. म्हणजे सरासरीनं काही किलो वजन परत आलं. तरीही ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ऑपरेशन न झालेल्यांपेक्षा कमी होतं.

(पडद्यावर: दवाखान्याची प्रतीक्षाखोली, रिकाम्या खुर्च्या.)

तुम्ही जर तपासणीला जायचं सोडलं असेल, मग सहा महिने झाले असोत की चार वर्षं, फोन करून तारीख घ्या. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे जाववत नसेल तर दुसऱ्या, वजन कमी करण्याची ऑपरेशनं करणाऱ्या बॅरिअ‍ॅट्रिक डॉक्टरांकडे जा, पण डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या, कोणतं ऑपरेशन झालं ते त्यांना कळायला हवं. एका आठवड्याचं खाणं आहे तसं, चिवड्यासकट, लिहून न्या. घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, कुठली किती वाजता घेता तेही सांगा. हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉईड आणि साखर यांच्या तपासण्या मागून घ्या. वजन कितीही असलं तरी त्या वर्षातून एकदा व्हायलाच हव्यात. आणि वारंवार उलट्या होत असतील, पाय बधिर पडत असतील, तोल जात असेल किंवा दोन-दोन दिसत असतील, तर तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा. बी-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं असं होतं, ते इंजेक्शननं भरून काढता येतं, पण उशीर झाला तर मज्जातंतूंना कायमची इजा होते. जीवनसत्त्वांच्या गोळ्या मध्येच बंद केल्या असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा.