अमेरिकेत नंबर वन आणि तरी टूरला नाही म्हणणारा जेरी रॅफर्टी

पन्नासच्या दशकातली स्कॉटलंडची शनिवारची रात्र. बाहेर थंडी, पाऊस, आणि एक आई आपल्या लहान पोराचा हात धरून उगाच रस्त्यांवर फिरतेय. कुठे जायचंय म्हणून नाही, तर घरी जायचं नाहीये म्हणून. नवरा दारू पिऊन येणार, हात उचलणार, त्यापेक्षा तो येऊन झोपेपर्यंत बाहेरच राहिलेलं बरं. ते पोरगं म्हणजे पुढे गायक झालेला जेरी रॅफर्टी.

गाव पेझली, ग्लासगोच्या अगदी जवळ. कापडगिरण्यांचं गाव, काश्मिरी शालींवरच्या कोयरीची नक्कल इथल्या मागांवर विणून जगभर विकली जायची. 16 एप्रिल 1947 ला जेरीचा जन्म झाला. वडील जोसेफ आयर्लंडचे, आधी खाणीत होते मग लॉरी चालवायचे. आई मेरी, माहेरची स्केफिंग्टन, हिने पोराला आयरिश आणि स्कॉटिश लोकगीतं शिकवली, तोंडी, घरात गाता गाता. पुढे त्याने बीटल्स ऐकले, बॉब डिलन ऐकला, सगळं त्याच्या गाण्यात आलं पण खालचा पाया आईचाच राहिला असं मला कायम वाटतं. त्याच्या आवाजात तो जो शांतपणा आहे ना, जोर न लावता गाण्याचा, तो घरात गाणाऱ्या माणसाचा आवाज आहे. नंतर त्याने आईच्या माहेरच्या नावानेच एक गाणं केलं, तिला धीर देणारं, ते ऐकलं की त्या शनिवारच्या रात्री समजतात.

1963 मध्ये वडील गेले. जेरी सोळा वर्षांचा, शाळा सुटली, मग खाटकाच्या दुकानात काम, सरकारी ऑफिसात कारकुनी, चपलांच्या दुकानात सेल्समन, जे मिळेल ते. वीकेंडला मात्र शाळेतला मित्र जो इगन सोबत डान्स हॉलमध्ये बँड वाजवायचा. हा जो इगन लक्षात ठेवा, पुढे परत येणारे.

1969 मध्ये तो 'हंबलबम्स' नावाच्या फोक ग्रुपमध्ये गेला. तिथे बँजो वाजवणारा होता बिली कॉनोली, हो तोच, पुढे ब्रिटनचा सगळ्यात मोठा कॉमेडियन झालेला, त्याआधी तो ग्लासगोच्या गोदीत वेल्डर होता. दोघांची दोस्ती घट्ट, पण स्टेजवर गंमत अशी व्हायची की दोन गाण्यांच्या मध्ये बिली बोलायला लागायचा आणि ते बोलणं हळूहळू गाण्यापेक्षा मोठं व्हायला लागलं, लोक हसून हसून लोळायचे आणि जेरी गिटार घेऊन बाजूला उभा, त्याची हळुवार गाणी वाट बघत. दोन अल्बमनंतर 1971 ला ग्रुप फुटला. तू कॉमेडीच कर हे बिलीला सांगणाऱ्यांत जेरी स्वतः होता! पुढे भांडण नाही, कडवटपणा नाही, बिली आयुष्यभर त्याच्याबद्दल प्रेमानेच बोलला.

त्याच वर्षी पहिला सोलो अल्बम आला, नाव काय तर 'कॅन आय हॅव माय मनी बॅक'. म्हणजे माझे पैसे परत मिळतील का. चोवीस वर्षांचा मुलगा, म्युझिक इंडस्ट्रीत नुकताच आलेला, आणि तिच्यावरचा विश्वास आधीच उडालेला. कव्हर रंगवलं जॉन बर्न यांनी, पेझलीचेच चित्रकार आणि नाटककार. जेरीच्या पुढच्या गाजलेल्या अल्बमांची कव्हरंही त्यांचीच, त्यामुळे जगभरातल्या घरांत जेरीचा चेहरा पोचला तो बऱ्याचदा फोटोतून नाही, पेंटिंगमधून.

1972 ला जो इगन परत आला आणि दोघांनी 'स्टीलर्स व्हील' हा बँड काढला. रेकॉर्ड करायला कोण, तर लीबर आणि स्टोलर, एल्व्हिसच्या गाजलेल्या गाण्यांमागची अमेरिकन जोडी. त्यातून आलं 'स्टक इन द मिडल विथ यू'. इंडस्ट्रीतल्या बड्या लोकांच्या पार्टीत अडकलेल्या माणसाचं गाणं, डिलनची स्टाइल मुद्दाम उचलून केलेलं, अमेरिकेत सहाव्या नंबरवर गेलं आणि ब्रिटनमध्ये आठव्या. पण गाणं गाजत होतं तेव्हा जेरी बँड सोडून घरी गेलेला होता! व्हिडिओ बघा कधी, ओठ हलवतोय जो इगन आणि आवाज जेरीचा. मग त्याला मनवून परत आणलं, पण ते फार टिकलं नाही, 1975 मध्ये संपलं.

आणि आता तो काळ, ज्याच्यासाठी मला हा व्हिडिओ करायचाच होता.

बँड फुटला पण कॉन्ट्रॅक्ट फुटलं नाही. मॅनेजमेंट, कंपनी, वकील, सगळ्यांचे एकमेकांवर दावे, आणि ते मिटेपर्यंत जेरीला नवीन काही रिलीज करता येईना. जवळजवळ तीन वर्षं. विचार करा, वय अठ्ठावीस-तीस, डोक्यात गाणी तयार, आवाज ऐन भरात, आणि गायचं नाही. तो राहायचा स्कॉटलंडमध्ये आणि वकिलांच्या मीटिंगा लंडनला, म्हणून रात्रीची ट्रेन पकडायची, दिवसभर कागदपत्रं ऐकायची, आणि रात्री एका मित्राच्या छोट्याशा फ्लॅटवर जायचं, बेकर स्ट्रीटच्या बाजूला. तिथे दोघं रात्रभर गप्पा मारायचे, गिटार वाजवायचे.

'बेकर स्ट्रीट' त्या रात्रींचं गाणं आहे. त्यातला एक माणूस या शहरात थकलाय, त्याला वाटलं होतं इथे सगळं मिळेल, आणि एक त्याचा मित्र, जो म्हणतोय की दारू सोडेन, कुठेतरी शांत जमीन घेईन, सेटल होईन, आणि ऐकणाऱ्याला माहितीये की हा असं काही करणार नाहीये. मला ते दोघंही जेरीच वाटतात. आणि शेवटी सकाळ होते, तो घरी निघालेला असतो. हा शेवट खरा होता, कारण तेव्हा केस मिटली होती.

रेकॉर्डिंग ऑक्सफर्डशायरमधल्या चिपिंग नॉर्टन स्टुडिओत, सोबत प्रोड्युसर ह्यू मर्फी. आता त्या सॅक्सोफोनबद्दल बोलायलाच पाहिजे कारण ती सुरावट सगळ्या जगाला पाठ आहे, गायक कोण हे माहीत नसलेल्यांनासुद्धा. वाजवणारा राफाएल रेव्हन्सक्रॉफ्ट, सेशन म्युझिशियन, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये पैसे घेऊन वाजवणारा. तो आला होता दुसऱ्याच एका छोट्या तुकड्यासाठी, सोप्रानो सॅक्स घेऊन, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे ऑल्टो सॅक्स गाडीत पडला होता, तो आणून त्याने ही धून वाजवली. अनेक वर्षं वाद चालू राहिला की ही धून नक्की कोणाची. मग 2011 मध्ये अल्बमची नवी आवृत्ती आली, त्यात जेरीचा जुना डेमो, म्हणजे आधीचं कच्चं रेकॉर्डिंग होतं, आणि त्या डेमोत तीच धून गिटारवर आहे, सॅक्सच्या आधीची. माझ्यासाठी वाद तिथे संपला. पण रेव्हन्सक्रॉफ्टने तिच्यात जो दम भरला, ती जी हाक वाटते, ते श्रेय त्याचं आणि ते त्याला मिळायलाच हवं. तो स्वतः मात्र म्हणायचा की सूर किंचित खाली लागलाय आणि त्याला तो ऐकवत नाही!

मर्फीने नंतर सांगितलं की हे गाणं सिंगल म्हणून काढा यासाठी कंपनीच्या विनवण्या कराव्या लागल्या, त्यांचं म्हणणं पब्लिकसाठी हे जास्तच चांगलं आहे. पब्लिकने उत्तर दिलं. 1978 मध्ये ब्रिटनमध्ये तिसरा नंबर, अमेरिकेत सलग सहा आठवडे दुसरा. आणि 'सिटी टू सिटी' हा अल्बम त्या जुलैमध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेला, आणि त्याने खाली खेचलं कोणाला, तर 'सॅटर्डे नाइट फीव्हर' या डिस्को सिनेमाच्या साउंडट्रॅकला, जो सलग 24 आठवडे तिथे ठाण मांडून होता. डिस्कोच्या ऐन लाटेत, पेझलीच्या दाढीवाल्या फोक सिंगरने!

आता अशा वेळी कोणीही काय करेल? अमेरिकेत टूर करेल. कंपनी मागे लागली, सगळे मागे लागले. जेरी म्हणाला नाही.

लोक अजून म्हणतात की त्याने करिअरवर धोंडा मारून घेतला. मला हे पटत नाही. या माणसाला स्टुडिओ हवा होता, एकावर एक रचलेले स्वतःचेच आवाज हवे होते, घर, बायको, मुलगी हवी होती, आणि स्टेजवरच्या गर्दीतून मिळणारं त्याला काहीच नको होतं. हे त्याने पहिल्या अल्बमपासून गाण्यांमध्ये सांगितलं होतं, कोणी ऐकलं नाही हा त्याचा दोष कसा?

'नाइट आउल' 1979 मध्ये आला, तोही चालला. नंतरचे अल्बम कमी चालले. 1987 मध्ये 'प्रोक्लेमर्स' या स्कॉटिश जुळ्या भावांचं 'लेटर फ्रॉम अमेरिका' मर्फीसोबत प्रोड्युस करून त्याने हिट करून दिलं. पण दारू वाढत गेली, तीच जिच्यापासून आई त्याला घेऊन बाहेर फिरायची. 1990 मध्ये बायको कार्लाशी घटस्फोट झाला, 1995 मध्ये भाऊ जिम गेला आणि ते त्याला फार लागलं. 2008 मध्ये तो बेपत्ता झाल्याच्या बातम्या पेपरवाल्यांनी ज्या चवीने छापल्या त्या वाचून आजही राग येतो, आजारी माणूस होता तो. 4 जानेवारी 2011 ला इंग्लंडमधल्या स्ट्राउडमध्ये लिव्हर निकामी होऊन तो गेला, वय 63. अंत्यविधी पेझलीतच झाला.

त्याच्या मागे रेकॉर्डिंग्जचा ढीग राहिला होता, काही थेट सत्तरच्या दशकापासूनची. मुलगी मार्था स्वतः गायिका आहे, तिने ती ऐकली, त्यांच्यावरचा सिंथेसायझरचा बराच थर काढून टाकला आणि वडिलांचा आवाज पुढे आणला. 2021 मध्ये 'रेस्ट इन ब्लू' नावाने तो अल्बम निघाला. 'बेकर स्ट्रीट' तुम्ही ऐकलेलं असणारच, म्हणून आज रात्री हा लावा, आणि त्यातली लोकगीतं आधी ऐका.