कफ नसलेला न्यूमोनिया

(निवेदन)

हा छातीचा एक्स-रे. दोन्ही बाजू स्वच्छ. आणि हा त्याच रुग्णाचा, त्याच दिवशीचा सीटी स्कॅन. उजव्या फुफ्फुसात गाठ आहे, तिच्याभोवती धुरकट कडं. एक्स-रेवर यातलं काहीच नव्हतं.

केमोथेरपीनंतर रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी घटतात. मायक्रोलिटरमागे 500 च्या खाली गेल्या, की न्यूमोनियाच्या नेहमीच्या खुणाच पुसट होतात. पिवळा कफ बराचसा या पेशींचाच बनलेला असतो. पेशीच नाहीत तर तो येणार कुठून? उरतो ताप. 38.3 अंश सेल्सिअस एकदा भरला तरी पुरे, तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचं असतं.

पण ते जिवाणूंवर चालतं. ही गाठ बुरशीची असली तर? म्हणून दुर्बिणीची तपासणी.

नाकातून आत, स्वरपटलांमधून श्वासनलिकेत. या पांढरट कमानी कूर्चेच्या. पुढे फाटा, डॉक्टर उजवीकडे वळतात. सीटीने दाखवलेल्या फांदीत दुर्बिणीचं टोक घट्ट बसवलं, की सिरिंजने सलाइन आत सोडायचं आणि हलक्या हाताने परत ओढून घ्यायचं. सगळं परत येत नाही. जे येतं ते हे, गढूळ, वर थोडा फेस. मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा या काळात घसरू शकतो, आणि त्याच भीतीने ही तपासणी अनेकदा उद्यावर जाते. भीती खोटी नाही. पण थांबण्यातही धोका असतो, तो मात्र कुठल्या मॉनिटरवर दिसत नाही.

प्रयोगशाळा. सिल्व्हर स्टेनने रंगवलेली काच. हिरव्या पार्श्वभूमीवर काळे धागे, लघुकोनात फाटे फुटलेले. अ‍ॅस्परजिलसशी जुळणारं रूप. मातीत, पालापाचोळ्यात, बांधकामाच्या धुळीत वाढणारी बुरशी. तिचे बीजाणू 2 ते 3 मायक्रॉनचे, थेट वायुकोशांपर्यंत पोचणारे. तुमचीआमची फुफ्फुसं ते रोज निपटतात.

ही दुसरी काच वेगळ्या रुग्णाची. चेपलेल्या चेंडूंसारखं जे दिसतंय ते न्यूमोसिस्टिस, न्यूमोनिया करणारी आणखी एक बुरशी. जून 1981 मध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांमध्ये याच न्यूमोनियाची नोंद झाली आणि एड्सची गोष्ट जगापुढे आली. एचआयव्ही असलेल्यांच्या सीडी4 नावाच्या पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरमागे 200 च्या खाली गेल्या, की को-ट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकची गोळी देतात. नियमित घेतली तर हा आजार बहुतेकदा टळतो.

फ्लू आणि श्वसनमार्गाला ग्रासणारा आरएसव्ही हे विषाणूही प्रतिकारशक्ती घटलेल्या रुग्णांच्या शरीरात कित्येक आठवडे तळ ठोकतात. घरच्यांनी फ्लूची लस घ्यावी, सर्दी असताना भेटायला जाऊ नये.

पुन्हा पहिला रुग्ण. अहवाल आला, व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचं औषध सुरू झालं. ते कमीत कमी 6 ते 12 आठवडे चालतं. उशिरा निदान झालेले बरेच रुग्ण दगावतात.

हा आठवड्यानंतरचा स्कॅन. गाठ आधीपेक्षा मोठी दिसते. औषध लागू पडत असतानाही सुरुवातीला ती वाढू शकते, त्यामुळे नुसत्या या एका चित्रावरून डॉक्टर औषध बदलत नाहीत.