३०० ओर्स्टेडचा हट्ट

[दृश्य : जुना बाजार, रविवार सकाळ]

जुना बाजार. ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, चार्जर, कुलपं, आणि त्यांच्या मधोमध कॅसेटांचा हा ढीग. छापील कॅसेटा गिऱ्हाईक निवडून घेतं. घरी भरलेल्या तशाच पडून राहतात. त्यांच्यावर बॉलपेननं लिहिलेलं असतं : ‘आप्पांचे कीर्तन, बाजू अ’. ‘रेडिओ, नाट्यसंगीत’. ‘सवाई, रात्र दुसरी’.

विकणारा म्हणतो, “ह्यात आता काय नसतंय साहेब. इतक्या वर्षांत चुंबक राहतंय होय?”

राहतं. टेपवरचा आवाज चुंबकत्वाच्याच रूपात साठवलेला असतो. ते का राहतं आणि किती चिवटपणे राहतं, हे मोजायचं माप म्हणजे कोअर्सिव्हिटी.

[दृश्य : कॉलेजची प्रयोगशाळा, ऑसिलोस्कोपचा पडदा]

हा शब्द कानांपेक्षा डोळ्यांना लवकर कळतो. वेटोळ्यात ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्याची पट्टी ठेवली आहे. वेटोळ्यातला प्रवाह वाढला, की पट्टी चुंबक होते आणि पडद्यावरचा ठिपका उजवीकडे सरकत वर चढतो. प्रवाह शून्यावर आला. ठिपका मात्र शून्यावर आला नाही, थोडा वरच थांबला. म्हणजे पट्टीत काहीतरी उरलं. या उरलेल्याला म्हणतात रिटेन्टिव्हिटी. ते घालवायचं तर प्रवाह उलटा सोडावा लागतो. उलट दिशेनं रेटत रेटत चुंबकत्व जिथे शून्य होतं, तिथवर डावीकडे सरकलेलं हे अंतर म्हणजे कोअर्सिव्हिटी. मोजायची ओर्स्टेडमध्ये, किंवा अँपिअर प्रति मीटरमध्ये. १ ओर्स्टेड म्हणजे साधारण ८० अँपिअर प्रति मीटर.

आता पट्टीच्या जागी हॅकसॉचं पातं. बघा, ठिपक्यानं मघाशी काढलेली चिंचोळी आकृती कशी फुगली. चुंबकत्व असं मागे रेंगाळतं, त्याला स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स अल्फ्रेड युइंग यांनी १८८१च्या सुमारास ‘हिस्टेरेसिस’ हे नाव दिलं. तेव्हा ते टोकियोत शिकवत होते.

एक घोळ इथेच निस्तरू. भलेभले कोअर्सिव्हिटीला चुंबकाची ताकद समजतात. प्रत्यक्षात हे मोजमाप हट्टाचं आहे. जुन्या स्पीकरमधला अल्निको (अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट असलेला मिश्रधातू) चुंबक जोराला दांडगा, पण त्याची कोअर्सिव्हिटी पाच-सातशे ओर्स्टेडच्या घरातली. काळ्या फेराइटच्या कड्याचा जोर त्याच्या साधारण तिसरा हिस्सा, पण कोअर्सिव्हिटी दोन-तीन हजार. म्हणून अल्निकोचा स्पीकर खोलून चुंबक सुटा केला की तो ढिला पडतो, आणि फेराइट रस्त्यावर पडला तरी तसाच राहतो.

[दृश्य : तपकीर गल्ली, दुकानाचं टेबल, उघडलेला डेक]

पुण्याची तपकीर गल्ली. इथले काका अजून कॅसेट डेक दुरुस्त करतात. ‘कोअर्सिव्हिटी’ हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही आला नाही, पण डेकवरची ही तीन बटणं बघा : नॉर्मल, क्रोम, मेटल. तिन्ही कोअर्सिव्हिटीच्याच पायऱ्या. साध्या टेपवर लोहाच्या ऑक्साइडचे कण असतात, सुईसारखे लांबट, एका मायक्रॉनपेक्षाही छोटे. त्यांची कोअर्सिव्हिटी साधारण ३०० ओर्स्टेड. क्रोमची पाच-सहाशे. मेटलची हजाराच्या पुढे.

आता ३०० म्हणजे किती? पुण्यात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अर्ध्या ओर्स्टेडहूनही कमी आहे. कपाटात, माळ्यावर, ट्रंकेत पडलेल्या टेपला एवढ्यानं काही होत नाही. कणांचा लांबट आकारच त्यांना वळू देत नाही.

पण मग आवाज त्यांना वळवतो कसा? गवयाच्या आवाजाचा सिग्नल एकटा सोडला तर हलक्या जागा कणांपर्यंत पोचतच नाहीत, आणि ठळक जागा फाटतात. यावरचा तोडगा टेपवर रुळला १९४०पासून, जर्मनीत. माणसाला ऐकू न येणारा कंप आवाजात मिसळायचा, डेकमध्ये सेकंदाला साधारण एक लाख वेळा. याला बायस म्हणतात. हा कंप कणांना दोन्ही दिशांनी हलवून सैल करतो, आणि टेप हेडपासून, म्हणजे तिच्यावर आवाज उतरवणाऱ्या भागापासून, लांब जाता जाता आवाज सांगेल तिथे ते घट्ट बसतात. क्रोमच्या कणांना जास्त हलवावं लागतं, म्हणून वेगळं बटण. क्रोमची कॅसेट नॉर्मलवर भरली तर आवाज चिरका येतो. अशा कॅसेटा घरोघरी निघतात, आणि दोष मात्र गवयाला लागतो!

[दृश्य : हेडचा क्लोज-अप]

आता हे हेड. टेपला हट्ट हवा, आणि तिला चिकटून बसलेल्या हेडला हट्ट अजिबात नको. नाहीतर आताचा सूर पुढच्या सुरात मिसळेल. म्हणून हेड पर्मलॉयचं, म्हणजे निकेल आणि लोखंडाच्या मिश्रधातूचं करतात. त्याची कोअर्सिव्हिटी एका ओर्स्टेडच्याही बरीच खाली. तरी वापरून वापरून हेडमध्ये किंवा आसपासच्या पोलादी दांड्यांत थोडं चुंबकत्व मुरतंच, आणि मग प्रत्येक वादनात टेपवरचे वरचे सूर किंचित झिजत राहतात.

काकांच्या हातातलं हे डीमॅग्नेटायझर, मुरलेलं चुंबकत्व घालवणारं. आधी कॅसेट बाजूला, डेक बंद. डीमॅग्नेटायझर लांबूनच सुरू करायचं, हळू जवळ आणायचं, हेडवरून फिरवायचं आणि तसंच सावकाश हातभर मागे न्यायचं. “हेडजवळ बटण बंद केलंस तर मेलास,” काका म्हणतात. बरोबरच आहे. क्षेत्र कोअर्सिव्हिटीच्या वर नेऊन, दिशा पालटत पालटत हळूहळू उतरवलं तरच सगळं शून्यावर येतं. मधेच तोडलं तर तोडलेल्या क्षणाचं चुंबकत्व तिथेच बसतं. रेकॉर्ड करताना टेपवरचं जुनं पुसणारं, डेकमधलं चांगलं इरेझ हेडही असंच काम करतं. स्वस्त डेकमध्ये मात्र नुसता कायमचा चुंबकच बसवलेला असायचा, त्यामुळे मागे खरखर उरायची.

[ध्वनी : तंबोरा, मग तान. तिच्या आधी तीच तान, पुसट]

हेडफोन लावून ऐका. तान येण्याआधी तिची सावली ऐकू येते. गुंडाळलेल्या टेपच्या एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यात उतरलं आहे. तीनशे ही सरासरी, तिच्या खाली राहणारे हलके, लवकर वळणारे कणही टेपवर असतातच. बाकीच्यांनी मूळ तान धरून ठेवली आहे.

मग नासतं काय? कणांना फिल्मवर धरून ठेवणारं बाइंडर दमट हवेनं सैल होतं, बुरशी धरते, डेकचे रबरी पट्टे वितळतात.

[दृश्य : काकांचं टेबल, कॅसेट, शेजारी लॅपटॉप]

ढिगातली ‘सवाई, रात्र दुसरी’ आम्ही विकत घेतली. काकांनी आधी कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही पट्ट्या तोडल्या. त्या तुटल्या की रेकॉर्डचं बटण खाली जात नाही, आणि घरातल्या टेपा पुसल्या गेल्यात त्या बहुतेक याच बटणानं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हेड पुसलं. कॅसेट न वाजवता दोनदा पुढे-मागे गुंडाळली, त्यानं शेजारच्या वेढ्याची सावली थोडी उतरते. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग आधी सुरू केलं, डेकचं प्ले नंतर दाबलं. बाइंडर सुटत असेल तर पहिली फेरीच सगळ्यांत स्वच्छ निघते.